कथा-कादंबरी सोडून काय वाचावं, काय सुचवावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात, सोसायटीच्या ग्रंथालयात, कचेरीत ज्यांना लोक “एखादं चांगलं पुस्तक सांगा ना” म्हणून गाठतात, त्यांच्यासाठी आणि जे स्वतःसाठी पुस्तक शोधत आहेत त्यांच्यासाठीही ही उत्तरं आहेत. पुण्यात राहणाऱ्यांना पुस्तकं कुठे मिळतील, तेही सांगितलं आहे.

नॉन-फिक्शनमध्ये नेमकं काय काय येतं? ‘स्वामी’, ‘छावा’, ‘मृत्युंजय’ येतात का?

आत्मचरित्र, चरित्र, प्रवासवर्णन, इतिहास, विज्ञान, निसर्गलेखन, रिपोर्ताज (प्रत्यक्ष पाहून, लोकांशी बोलून केलेलं वृत्तलेखन), अर्थकारण, वैचारिक निबंध हे सगळं येतं. “हे असं घडलं” किंवा “हे असं आहे” असा लेखकाचा दावा असतो, आणि तो दावा तपासायला वाचकाला वाव असतो. ‘स्वामी’, ‘छावा’ आणि ‘मृत्युंजय’ या कादंबऱ्या आहेत. त्यांतले संवाद, मनातले विचार, रात्रीच्या एकांतातले प्रसंग लेखकाने रचलेले आहेत. कादंबरी म्हणून त्या जरूर वाचाव्यात. मात्र माधवराव पेशव्यांबद्दल किंवा संभाजीराजांबद्दल वाद घालताना त्यांतलं वाक्य पुरावा म्हणून पुढे करू नये.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ किंवा पु. लं.ची ‘व्यक्ति आणि वल्ली’ ही पुस्तकं मधल्या पट्ट्यात बसतात. माणसं खरी वाटतात, खऱ्यावर बेतलेलीही असतात, पण लेखकाचा हात त्यांत मोकळा आहे. कादंबरीतून नॉन-फिक्शनकडे येणाऱ्याला हा पट्टा फार सोयीचा पडतो.

कुणी “चांगलं पुस्तक सुचवा” म्हणालं, तर सुरुवात कुठून करायची?

पुस्तकाचं नाव लगेच तोंडावर आणू नका. आधी तीन गोष्टी विचारा.

पहिली, शेवटपर्यंत वाचलेलं मागचं पुस्तक कोणतं? “आवडतं पुस्तक कोणतं” असं विचारलं की लोक भारदस्त नाव सांगतात. “पूर्ण केलेलं” विचारलं की खरं उत्तर येतं. ते उत्तर एखादी रहस्यकथा असली तरी उपयोगाचं आहे. या वाचकाला पुढे काय होतं याची ओढ लागते, एवढं त्यातून कळतं. मग त्याला निबंधसंग्रह न देता ज्यात घटना पुढे सरकतात असं पुस्तक द्यायचं.

दुसरी, सध्या डोक्यात काय घोळतंय? गुडघे दुखताहेत, मुलगा जर्मनीला निघालाय, गावाकडच्या जमिनीचा वाद आहे, नुकतीच हंपी पाहून आलेत, काहीही चालेल. मनात आधीच असलेल्या प्रश्नाला धरून आलेलं पुस्तक वाचलं जातं. केवळ थोर म्हणून दिलेलं बहुतेक वेळा कपाटात जातं.

तिसरी, वाचणार केव्हा? बसमध्ये वीस मिनिटं मिळणार असतील तर स्वतंत्र प्रकरणांचं पुस्तक हवं. गणपतीच्या सुट्टीत चार दिवस मोकळे असतील तर सलग कथन चालेल.

यानंतर एकच पुस्तक सांगा. फार तर एक पर्याय. पंचवीस पुस्तकांची यादी पाठवली की समोरचा “वा!” म्हणतो, जपून ठेवतो आणि एकही उघडत नाही, कारण निवडायचं ओझं पुन्हा त्याच्याच डोक्यावर येतं. पुस्तकासोबत एक वाक्य सांगा, तेही कौतुकाचं नको, आत काय आहे ते सांगणारं. “अप्रतिम आहे” यातून काहीच कळत नाही. “सत्तावनच्या धामधुमीत सापडलेल्या कोकणातल्या भिक्षुकानं स्वतः लिहिलंय” हे ऐकलं की माणूस पुस्तक मागून घेतो.

ज्याने शाळेनंतर काहीच वाचलं नाही, त्याला पहिलं पुस्तक कोणतं द्यावं?

वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’. १९८१ साली आलेलं हे पुस्तक अजून हातोहात खपतं आणि त्याला कारण आहे. आकार आटोपशीर, भाषा सोपी, आणि गुलामीत जन्मलेला एक अनाथ मुलगा पुढे भुईमुगावर आणि थकलेल्या जमिनीवर काम करणारा शास्त्रज्ञ कसा होतो, ही गोष्ट सरळ पुढे जाते. शेतीशी नातं असलेल्या घरात तर ते आणखी लवकर रुजतं.

चरित्राची आवड नसेल तर प्रवासवर्णन द्यावं. पु. लं.ची ‘अपूर्वाई’ युरोपची, ‘पूर्वरंग’ पूर्वेकडच्या देशांची. दोन्ही साठ वर्षांपूर्वीची आहेत, तेव्हा तिकिटांचे भाव आणि व्हिसाची माहिती त्यांत शोधू नये. आजचा, बारकाईनं फिरणारा प्रवास हवा असेल तर मीना प्रभूंची पुस्तकं जाड असली तरी सरळ वाचली जातात. जो देश पाहायला जायचंय किंवा पाहून आलात, त्याच देशापासून सुरू करा.

पहिलं पुस्तक शक्यतो २५० पानांच्या आत असावं. रोज २० पानं धरली तर ते दोन आठवड्यांच्या आत संपतं, आणि नवख्या वाचकाला पुस्तक संपवल्याचा अनुभव मिळणं सगळ्यात मोलाचं असतं.

मराठीत आत्मचरित्रं इतकी आहेत, निवडायची कशी?

मराठी नॉन-फिक्शनचं सगळ्यात श्रीमंत दालन हेच आहे, त्यामुळे इथे थोडं थांबू.

सुरुवात लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’पासून करावी. पहिला भाग १९३४ साली आला. लक्ष्मीबाईंचं शालेय शिक्षण जवळजवळ नाही, पण गद्य असं की नव्वद वर्षांनंतरही एक वाक्य जुनं वाटत नाही. नवऱ्यानं ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर झालेली ताटातूट, सोवळ्याओवळ्यातून हळूहळू सुटत जाणं, हे सगळं त्या रडगाणं न करता सांगतात. विकत घेताना आवृत्ती संक्षिप्त आहे की संपूर्ण, ते आधी पाहा. वाचकाला दम कमी असेल तर संक्षिप्तपासून सुरू करायला हरकत नाही.

दुसरी वाट दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांची. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ चं. त्यानंतर लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’, बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’, लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’, नरेंद्र जाधव यांचं ‘आमचा बाप आन् आम्ही’, उर्मिला पवार यांचं ‘आयदान’. ही पुस्तकं सुचवताना लोक कचरतात, “जड जाईल” म्हणतात. विषय जड आहे, गद्य नाही. नवख्याला आधी ‘आमचा बाप आन् आम्ही’ द्यावं, त्यात कुटुंबाची उमेद आणि विनोद भरपूर आहे, मग ‘बलुतं’कडे जावं. ‘उपरा’ आणि ‘उचल्या’मधली बोली पहिल्या काही पानांत अडते. मोठ्यानं वाचलं की ती पटकन कानात बसते.

तिसरी वाट एकाच घराच्या दोन बाजू वाचण्याची, आणि पुणेकरांना ती फार जवळची आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं ‘आत्मवृत्त’ आणि आनंदीबाई कर्वे यांचं ‘माझे पुराण’ लागोपाठ वाचा. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या या विधवेशी कर्व्यांनी १८९३ साली विवाह केला. ‘आत्मवृत्ता’त संस्था कशी उभी राहिली ते कळतं. ‘माझे पुराण’मध्ये त्याच काळात घर कसं चाललं, गावानं वाळीत टाकल्यावर रोजचं जगणं कसं होतं, ते कळतं. याच्या जोडीला रमाबाई रानडे यांचं १९१० चं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ घ्यावं. नवऱ्याच्या आग्रहानं शिकणारी मुलगी आणि त्या शिक्षणावर चिडलेल्या घरातल्या बायका, असं जुन्या पुण्यातलं घर त्यात दिसतं.

आत्मचरित्र हा आठवणींवर उभा असलेला मजकूर असतो, हे मात्र वाचकाला सांगून ठेवा. तारखा चुकतात, संवाद नंतर आठवून लिहिलेले असतात, आणि लेखक काय गाळतो तेही महत्त्वाचं असतं. म्हणूनच जोडीनं वाचण्याचा आग्रह.

इतिहास वाचायचा आहे, पण रुक्ष नको. काय घ्यावं?

विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक घरचं कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा मिळवायला उत्तरेत निघाले आणि थेट १८५७ च्या बंडात सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरात होते. राणीचा दरबार, मग तोफा, शहर पडल्यानंतरची लुटालूट आणि कत्तल, आणि या सगळ्यातून गंगेची कावड खांद्यावर घेऊन परत घरी येणं, असा हा प्रवास आहे. चिंतामण विनायक वैद्यांनी तो १९०७ साली छापला, पण मजकुरात बराच फेरफार करून. मूळ हस्तलिखितावरून काढलेली आवृत्ती नंतर आली. बाजारात दोन्ही प्रकारच्या मिळतात. मूळ मजकुराची निवडा. तिची भाषा थोडी जुनी आहे, पण माणूस तिथेच भेटतो.

ज्यांनी ऐतिहासिक कादंबऱ्या वाचल्या आहेत त्यांच्यासाठी सोपा पूल आहे. विश्वास पाटलांची ‘पानिपत’ आवडली असेल तर त्र्यं. शं. शेजवलकरांचं ‘पानिपत १७६१’ घ्या. तीच लढाई कागदपत्रं, वाटा, रसद आणि राजकारण यांच्या अंगानं समोर येते. रणजित देसाईंची ‘श्रीमान योगी’ घरात असेल तर तिची प्रस्तावना उघडा. नरहर कुरुंदकरांनी पत्ररूपात लिहिलेली ती प्रस्तावना शिवाजीराजांवरचा स्वतंत्र, दीर्घ निबंध आहे. कादंबरी वाचणारे पुष्कळ जण ती पानं उलटून पुढे जातात. नॉन-फिक्शनची सुरुवात एकही रुपया खर्च न करता तिथूनच करता येते.

विसाव्या शतकाची आवड असेल तर वि. ग. कानिटकरांचं ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’, आणि आजच्या जगाचं राजकारण तेलाच्या बाजूनं समजून घ्यायचं असेल तर गिरीश कुबेरांचं ‘हा तेल नावाचा इतिहास आहे’. दुसरं पुस्तक बातम्या पाहणाऱ्या पण पुस्तक न उघडणाऱ्या माणसाला हमखास धरून ठेवतं.

मोठ्या खंडांनी सुरुवात करू नका. सरदेसायांची ‘मराठी रियासत’ किंवा गजानन मेहेंदळे यांचं ‘श्री राजा शिवछत्रपती’ ही संदर्भासाठी उघडायची पुस्तकं आहेत. पहिल्या पानापासून सलग वाचायला घेतली की वाचक थकतो आणि इतिहासच कंटाळवाणा म्हणून सोडून देतो.

महाभारतावर काही, पण पोथी नको?

इरावती कर्वे यांचं ‘युगान्त’. १९६८ चा साहित्य अकादेमी पुरस्कार त्याला मिळाला. इरावतीबाई डेक्कन कॉलेजात मानववंशशास्त्र शिकवत, आणि गांधारी, कुंती, द्रौपदी, कर्ण यांच्याकडे त्या माणसं म्हणून पाहतात. लेख सुटे आहेत, कुठूनही सुरू करा. घरातल्या श्रद्धाळू ज्येष्ठांना देताना आधी थोडी कल्पना द्यावी. भीष्मांवरचा लेख काहींना रुचत नाही.

विज्ञान आणि निसर्ग?

विज्ञानासाठी जयंत नारळीकरांचं ‘आकाशाशी जडले नाते’. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेचे ते संस्थापक संचालक, आणि मराठीत खगोलशास्त्र सांगताना समीकरणांशिवाय पण सवंग न होता कसं सांगावं, ते यात दिसतं. शास्त्रज्ञांच्या गोष्टींतून विज्ञान हवं असेल तर अच्युत गोडबोले यांचं ‘किमयागार’. ते जाड आहे, पण प्रत्येक शास्त्रज्ञाचं प्रकरण वेगळं वाचता येतं. माणूस या प्राण्याचा सारा प्रवास एका पुस्तकात पाहायचा असेल तर नंदा खरे यांचं ‘कहाणी मानवप्राण्याची’. ते सावकाश वाचायचं पुस्तक आहे.

निसर्गलेखनात मराठीचा हात धरणारे थोडे. दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्र’मध्ये बारा महिन्यांवर बारा लेख आहेत. ते सलग वाचू नका. चालू मराठी महिना पाहा आणि त्याच महिन्याचा लेख वाचा. चैत्रातला लेख वाचून लॉ कॉलेजच्या टेकडीवर किंवा एम्प्रेस गार्डनमध्ये गेलात की पालवीचे जे रंग त्यांनी लिहिलेत ते झाडावर ओळखता येतात. ज्येष्ठात चैत्राचा लेख वाचला तर निम्मी मजा जाते. माडगूळकरांचं ‘नागझिरा’ एका जंगलातल्या मुक्कामाची नोंद आहे, छोटं आणि शांत. मारुती चितमपल्ली वनखात्यात होते. त्यांचं ‘पक्षी जाय दिगंतरा’ पक्षी पाहणाऱ्यांना, आणि ‘चकवाचांदण’ हे आत्मचरित्र सवड असलेल्यांना द्यावं.

पैसा आणि अर्थकारण?

अर्थशास्त्र कळण्यासाठी गोडबोले यांचं ‘अर्थात’. शेअर बाजारात काय घ्यावं हे सांगणाऱ्या पुस्तकांपासून सावध राहा. करांचे नियम आणि व्याजदर दरवर्षी बदलतात, तेव्हा तीन वर्षांहून जुन्या आवृत्तीतले आकडे धरून निर्णय घेऊ नये.

आरोग्याची पुस्तकं सुचवावीत का?

अनुभवाची सुचवा, उपचाराची नको. डॉ. अभय बंग यांचं ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ चांगलं वाचन आहे, पण ते वाचून कुणी स्वतःची गोळी बंद करू नये, हे देतानाच स्पष्ट सांगा. “एका आठवड्यात मधुमेह पळवा” अशा मथळ्याचं पुस्तक कुणालाही देऊ नका.

मूळ मराठी घ्यावं की अनुवाद?

मराठी समाज, इथला इतिहास, इथलं रान यांसाठी मूळ मराठी. जागतिक विषयांसाठी अनुवाद घ्यायलाच हवेत. हरारींचं ‘सेपियन्स’ आणि रामचंद्र गुहांचं ‘गांधीनंतरचा भारत’ मराठीत उपलब्ध आहेत. अनुवादाची प्रत मात्र फार खालीवर असते, म्हणून दुकानातच उभं राहून तपासा.

अनुवादकाचं नाव मुखपृष्ठावर किंवा निदान आतल्या पानावर ठळक आहे का, ते आधी पाहा. नाव शोधावं लागत असेल तर शंका घ्या. मग मधलं कुठलंही पान काढा आणि एक परिच्छेद ओठांत पुटपुटत वाचा. दोनदा मागे जावं लागलं, “केले गेलेले असल्याचे दिसून येते” अशा शेपट्या लागल्या, किंवा वाक्यातला कर्ता हरवला, तर पुस्तक परत ठेवा. चारशे पानं तसंच जाणार आहे. परदेशी नावं बघा. एकच माणूस दोन पानांवर दोन तऱ्हेनं लिहिला असेल तर संपादन झालेलं नाही. आणि मूळ पुस्तकातल्या टिपा, नकाशे, संदर्भसूची गाळली आहे का तेही पाहा. इतिहासाच्या पुस्तकातून नकाशा गेला की लढाई समजत नाही.

इंग्रजी नीट येत असूनही “मराठीतलं सोपं पडेल” म्हणून वाईट अनुवाद घेतला जातो. तो मुळापेक्षा अवघड जातो.

न वाचता पाच मिनिटांत पुस्तक कसं पारखायचं?

मलपृष्ठावरचा मजकूर सोडून द्या, तो विकण्यासाठी असतो. कॉपीराइटचं पान उघडा. पहिली आवृत्ती कधीची, आत्ताची कितवी, सुधारित आहे की नुसतं पुनर्मुद्रण, हे तिथे कळतं. विज्ञान आणि अर्थकारणात पहिल्या आवृत्तीचं साल महत्त्वाचं. पंचवीस वर्षांपूर्वीचं संगणकावरचं पुस्तक कालच पुन्हा छापलं असलं तरी आतली माहिती जुनीच. मग अनुक्रमणिका. प्रकरणांची नावं वाचून पुस्तक कोणत्या वाटेनं जातंय ते समजत असेल तर लेखकाच्या डोक्यात मांडणी स्पष्ट आहे. शेवटी संदर्भ पाहा. शब्दसूची बऱ्याच चांगल्या मराठी पुस्तकांतही नसते, तेव्हा तिच्या अभावावरून नाकारू नका. पण इतिहासाच्या तीनशे पानांत एकाही कागदपत्राचा किंवा ग्रंथाचा उल्लेख नसेल तर ते कादंबरीच्या फळीवर ठेवावं.

आणि चाळिसावं पान वाचा. पहिलं पान प्रत्येक लेखक घासूनपुसून लिहितो.

अर्ध्यावर सोडलं तर चालतं का?

चालतं. चाळीस पानं द्या. प्रस्तावना त्यात धरू नका. मराठी पुस्तकांना मनोगत, ऋणनिर्देश, मान्यवरांची प्रस्तावना अशी वीस-वीस पानं असतात आणि पुष्कळ वाचक तिथेच गळतात. पहिल्या प्रकरणापासून सुरू करा, प्रस्तावना शेवटी वाचा, तेव्हा ती खरी समजते.

पुण्यात ही पुस्तकं कुठे मिळतील?

आधी ग्रंथालय. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासूनचं आहे, लक्ष्मी रस्त्यावर. नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय १९११ चं. अनामत आणि वर्गणी वेळोवेळी बदलते, प्रत्यक्ष जाऊन विचारा. काही ठिकाणी कपाटं वाचकांना खुली नसतात. तिथे लेखक आणि नाव चिठ्ठीवर लिहून, पसंतीच्या क्रमानं तीन-चार पुस्तकं द्यावी लागतात. जुन्या ग्रंथालयांत कादंबरी, कथा, चरित्र, प्रवास अशा याद्या असतात आणि जे कशात बसत नाही ते ‘संकीर्ण’मध्ये टाकलेलं असतं. ती यादी जरूर मागा. निसर्ग, पाककृतींचा इतिहास, रिपोर्ताज, कारागिरी असा ऐवज तिथे निघतो.

विकत घ्यायचं तर अप्पा बळवंत चौक. तिथे शालेय आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांचा जोर जास्त, पण साहित्याची दुकानंही आहेत. जून-जुलैत शाळांच्या खरेदीच्या गर्दीत तिथे निवांत चाळायला मिळत नाही. बाजीराव रस्त्यावर अक्षरधारा आहे, तिथे फळ्यांमधून फिरून पाहता येतं. सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांत प्रकाशकांचीच कार्यालयं आहेत. राजहंस, मेहता, समकालीन, साधना. थेट तिथे गेलं की दुकानात नसलेली जुनी आवृत्तीही कधी कधी मिळते. फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर २०२३ पासून डिसेंबरात पुणे पुस्तक महोत्सव भरतो. तिथे नॅशनल बुक ट्रस्टच्या दालनात स्वस्त आणि नीट संपादित माहितीपर पुस्तकं पाहावीत.

फुटपाथवरचं स्वस्त पुस्तक घ्यावं का?

जुनं, वापरलेलं असेल तर आनंदानं घ्या. नवंकोरं पुस्तक निम्म्याहून कमी किमतीत मिळत असेल तर बहुधा ती चोरून छापलेली प्रत. अक्षरं पुसट किंवा जाड, समास वाकडे, कागद इतका पातळ की मागची छपाई दिसते, मुखपृष्ठावरचे रंग फिके. अशा प्रतीतून लेखक-अनुवादकाला काही मिळत नाही.

जुनं पुस्तक घेताना पानं मोजा. पुस्तक फर्म्यांत, म्हणजे एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेल्या पानांच्या गठ्ठ्यांत छापतात, बहुधा १६ पानांचा एक फर्मा. बांधणीत चूक झाली की अख्खा फर्मा गळतो किंवा दोनदा येतो. म्हणून १६, ३२, ४८ अशा टप्प्यांवर पानांचे क्रमांक सलग आहेत ना, ते पाहा. दोन मिनिटांचं काम आहे. नुसत्या डिंकानं चिकटवलेली बांधणी जुनी झाली की मधोमध तडकते. पुस्तक थोडं उघडून कण्याकडे पाहा. पूर्ण उलटं वाकवू नका, तिथेच तुटेल.

मोफत आणि कायदेशीर वाचन कुठे आहे?

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी प्रताधिकार संपतो. त्यामुळे महात्मा फुले, रमाबाई रानडे, लक्ष्मीबाई टिळक यांचं लेखन सर्वांसाठी मोकळं आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर मंडळाची बरीच पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत आहेत. मराठी विश्वकोश पूर्ण ऑनलाइन आहे, आणि एखादं पुस्तक वाचताना अडलेली संज्ञा पाहायला त्याच्याइतकं भरवशाचं मराठीत दुसरं नाही. मुलांच्या विज्ञानासाठी अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर खेळणी आणि पुस्तकं दोन्ही आहेत. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या नव्या पुस्तकांच्या पीडीएफ मात्र चोरीच्याच.

आजी-आजोबांसाठी काय पाहावं?

विषयाआधी टाइप पाहा, मग वजन. पाचशे पानांचं पुठ्ठाबांधणीचं पुस्तक अंथरुणात धरता येत नाही. दोन भागांत निघालेली आवृत्ती मिळाली तर ती घ्या. डोळे साथ देत नसतील तर स्टोरीटेलवर मराठी ऑडिओ पुस्तकं आहेत. आत्मचरित्र आणि प्रवासवर्णन ऐकायला उत्तम. आकडे, नकाशे असलेला इतिहास ऐकताना निसटतो.

आठवी ते बारावीच्या मुलांना?

“बोधप्रद” म्हणून देऊ नका. क्रिकेट, अवकाश, किल्ले, गाड्या, ज्यात ते आधीच रमतात तिथूनच आत जा. किल्ल्यांचं वेड असेल तर गो. नी. दांडेकरांची ‘दुर्गभ्रमणगाथा’ द्या आणि त्यातलाच एखादा किल्ला त्याच आठवड्यात दाखवून आणा. मराठी वाचनाचा वेग कमी असेल तर पहिलं प्रकरण घरातल्या कुणीतरी मोठ्यानं वाचावं.

पूर्ण पुस्तक झेपत नाही. काय करावं?

दिवाळी अंक घ्या. १९०९ च्या ‘मनोरंजन’पासून चालत आलेली ही परंपरा आहे, आणि चांगल्या अंकांत पंधरा-वीस पानांचे रिपोर्ताज असतात. अनिल अवचटांसारख्यांच्या लेखनाचा बराच भाग आधी नियतकालिकांतून आला, मग पुस्तकांत. बरीच ग्रंथालयं ठरावीक वर्गणीत सगळे अंक फिरवून देतात. जो लेख आवडला त्या लेखकाचं पुस्तक पुढे घ्यायचं. निवड करण्याची ही सगळ्यात स्वस्त रीत.

पुस्तक भिशी कशी चालवावी?

दहा जण, महिन्याला प्रत्येकी २०० रुपये. चिठ्ठी ज्याच्या नावाची निघेल त्यानं २,००० रुपयांची पुस्तकं स्वतःच्या पसंतीनं घ्यायची आणि पुढच्या महिन्यात त्यातल्या एकाबद्दल दहा मिनिटं बोलायचं. नंतर पुस्तकं फिरतात. भिशी बंद पडते ती बहुतेक दोन कारणांनी. फिरणाऱ्या पुस्तकांची नोंद नसते, किंवा खाण्यापिण्याचा बेत पुस्तकांहून मोठा होतो. एक वही ठेवा. पुस्तक, कुणाकडे, कोणत्या तारखेला. आणि चहाच्या पुढे जाऊ नका.

सुचवलेलं आवडलं की नाही, हे कसं कळावं?

“कसं वाटलं?” विचारलं की माणूस संकोचून “छान होतं” म्हणतो. “कुठपर्यंत आलात?” विचारा. “झाशीपर्यंत” असं ठिकाण सांगितलं तर वाचन चालू आहे. “बघतोय अजून” आलं तर पुस्तक बंद आहे. मग समजूत न घालता परत घ्या आणि कुठल्या पानावर अडलं तेवढं विचारा. पहिल्या दहा पानांत अडलं तर भाषेची अडचण, पुढच्या खेपेला सोपं गद्य द्या. ऐंशी-शंभर पानांवर अडलं तर विषय पुरेसा जवळचा नव्हता. दोनशेच्या पुढे अडलं असेल तर पुस्तक लांबलंय, त्याच लेखकाचं छोटं पुस्तक चालेल.